डोस वाढला, डोस कमी झाला: ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोन घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, ओझर, मालेगाव, सगळीकडून जे मेसेज येतात त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे असतात. गर्द (ब्राउन शुगर) सोडायची गोळी चालू आहे, डोस बदललाय, आणि अंगाला काहीतरी वेगळं वाटतंय, तर हे खरं आहे का मनाचं. मी डॉक्टर नाही, काउन्सेलिंगचं काम करतो, डोस ठरवणं डॉक्टरचंच काम आहे. पण अंगात काय होतंय ते फक्त पेशंटला कळतं, आणि ते त्याला नीट सांगता आलं आणि समोरच्याने नीट ऐकलं तर डोस लवकर बसतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलंय.

१. ही गोळी म्हणजे नक्की काय? घरचे म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावली.

गर्द, अफू, कोडीनचं सिरप, ट्रामाडोल ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची. गर्दचा असर काही तासात उतरतो आणि मग टर्की सुरू, म्हणजे नाक गळणं, जांभया, हाडं दुखणं, जुलाब. ब्युप्रेनॉर्फिन (जिभेखालची गोळी) आणि मेथाडोन (प्यायचं औषध) पण ओपिऑइडच आहेत, पण ती हळू चढतात आणि दिवसभर टिकतात. त्यामुळे टर्कीही नाही आणि वर-खालीही नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. न्यूयॉर्कमधे डोल आणि निसवांडर या डॉक्टरांनी १९६५ साली मेथाडोनवर हे पहिल्यांदा मांडलं, २००५ मधे डब्ल्यूएचओने दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे नॅकोची (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) सेंटर्स मुख्यतः सुईने घेणाऱ्यांसाठी आहेत, बाकीच्यांना सरकारी दवाखान्याचा मानसोपचार विभाग. जवळ कुठे मिळेल ते १०९७ (एड्स हेल्पलाइन) किंवा १४४४६ (नशामुक्ती हेल्पलाइन) वर फोन करून विचारा.

रोज औषध लागतं म्हणून ती नशा, हा हिशोब मला पटत नाही. नशेत माणूस दिवसभर पुढच्या पुडीच्या मागे पळतो, इथे ते पळणं थांबतं.

२. मला काहीच किक येत नाही. म्हणजे डोस कमी आहे ना?

नाही. डोस बरोबर बसल्याची खूण किक नाहीच. खूण अशी की सकाळी उठल्यावर अंग शांत असतं, ओढ कमी असते, आणि मधे कोणी गर्द दिलीच तर तिचा नेहमीसारखा असर होत नाही. सुरुवातीला बऱ्याच जणांना हे नकोसं वाटतं, सगळं सपाट सपाट वाटतं म्हणतात. वर्षानुवर्ष चढ-उतारावर जगलेल्या माणसाला शांतपणा ओळखीचा नसतो, त्याला थोडा वेळ लागतो. पण दुसऱ्या दिवशीच्या डोसच्या आधीच जांभया, डोळ्यातून पाणी, अंगावर काटा असं सुरू होत असेल तर डोस खरंच कमी पडतोय, तेव्हा गप्प बसू नका.

३. पहिली गोळी घेतली आणि उलट जास्तच टर्की लागली. गोळी मला चालत नाही का?

बहुतेक वेळा गोळी लवकर घेतली गेलेली असते. मेंदूत गर्द जिथे बसते त्याच जागा ब्युप्रेनॉर्फिन फार घट्ट पकडतं आणि आधी बसलेल्या गर्दला ढकलून काढतं, पण स्वतः अर्धवटच काम करतं. त्यामुळे अंगात गर्द ताजी असताना गोळी घेतली तर अचानक जोरात टर्की येते. म्हणून डॉक्टर विचारतात शेवटची कधी घेतली, आणि ६ ते १२ तास थांबवतात, थोडी टर्की सुरू झाल्यावर पहिली गोळी देतात. खरी वेळ सांगा, तिथे कोणी पोलिसात देणार नाही. मेथाडोनवरून ब्युप्रेनॉर्फिनवर यायचं असेल तर अजून जास्त थांबावं लागतं आणि आधी मेथाडोन साधारण ३० मिलिग्रॅमपर्यंत उतरवतात.

४. डोस वाढवून दोन दिवस झाले, काहीच फरक नाही. अजून वाढवून मागू का?

थांबा. ही औषधं अंगात साठत साठत जातात. मेथाडोनचा नवा डोस पूर्ण बसायला साधारण ५ दिवस लागतात, ब्युप्रेनॉर्फिनला जवळपास आठवडा. दुसऱ्या दिवशी जे वाटतंय तो पूर्ण असर नाहीये.

आणि याचीच उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे, ती सगळ्यांनी वाचा. मेथाडोन नवीन सुरू केलं की डोस तोच ठेवला तरी चौथ्या-पाचव्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा जड वाटतो, कारण कालचा, परवाचा उरलेला अजून अंगात असतो. पहिल्या दिवशी काही वाटलं नाही म्हणून कोणी बाहेरून गर्द किंवा झोपेच्या गोळ्या वर घेतल्या तर तिसऱ्या-चौथ्या रात्री श्वास मंद होऊन जीव जाऊ शकतो. सुरुवातीचे दोन आठवडे सर्वात धोक्याचे ते यामुळे. डॉक्टर हळू वाढवतात तो कंजूसपणा नाही.

५. आधी पाच गोळ्या द्यायचे, आता एकच देतात. डोस कापला आणि मला सांगितलंही नाही!

हा प्रश्न खूप येतो आणि त्यामागची भीती खरी असते. ब्युप्रेनॉर्फिन आपल्याकडे ०.४ आणि २ मिलिग्रॅम अशा गोळ्यांमधे मिळतं. ०.४ च्या पाच म्हणजे बरोबर २. स्टॉकमधे जी स्ट्रिप असेल ती देतात, त्यामुळे हातावर पाचाची एक दिसते पण पोटात तेवढंच जातं. कंपनी बदलली की रंग, आकार, चव बदलते. मेथाडोनचं पण तसंच, नेहमीचं औषध ५ मिलिग्रॅमला १ मिली असतं, म्हणजे ६० चा डोस फक्त १२ मिली, कपाच्या तळाशी. काही ठिकाणी त्यात पाणी घालतात, काही ठिकाणी नाही, आणि पाणी न घातलेला कप बघून पेशंट म्हणतो आज अर्धाच दिला.

औषध देतात त्या खिडकीवर एकजण मला म्हणाला होता, "दादा, एक गोळी बघितली आणि तिथंच पाय दुखायला लागले." त्याचे पाय खरंच दुखत होते. डोळ्याने जे बघितलं ते अंगाने मानलं. म्हणून मी देणाऱ्यांना सांगतो की स्ट्रिप बदलली की त्याच दिवशी पेशंटला दाखवा, मोजून दाखवा. आणि पेशंटने विचारावं: माझा डोस किती मिलिग्रॅम आहे? गोळ्या किती ते नाही, मिलिग्रॅम किती. तो आकडा मोबाईलमधे लिहून ठेवा.

६. डोस तोच आहे, कागदावर पण तोच आहे, पण गेल्या काही दिवसांपासून कमी पडतोय. असं होतं का?

होतं, आणि कारणं बरीच असतात.

सर्वात आधी गोळी कशी घेताय ते बघा. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात आणि गिळलं तर त्यातलं फारच थोडं कामाला येतं, बाकीचं लिव्हर संपवतं. मी रोज बघतो, चुरलेली गोळी जिभेखाली टाकली की माणूस लगेच शेजारच्याशी बोलायला लागतो, बोलता बोलता थुंकी गिळतो, दोन मिनिटात बाहेर येऊन चहा घेतो, आणि संध्याकाळी फोन करतो की डोस कमी केला का. तोंड कोरडं असेल तर आधी एक घोट पाणी प्या, मग गोळी, मग गप्प बसा.

दुसरं, नवीन औषध सुरू झालंय का. टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन मेथाडोन अंगातून भराभर बाहेर काढतं आणि ब्युप्रेनॉर्फिनची पातळी पण खाली आणतं. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यात टर्की लागायला लागली तर ते नाटक नाहीये, डोस वाढवायची गरज आहे. फिटच्या काही गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) आणि एचआयव्हीतलं एफाव्हिरेंझ यांचं पण तसंच. टीबीवाला आणि ओएसटीवाला (ओएसटी म्हणजे हाच ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोनचा उपचार) डॉक्टर एकमेकांशी बोलतील असं धरून चालू नका, दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे दाखवा. आणि टीबीचा कोर्स संपला की उलटं होतं, रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर तोच वाढवलेला डोस हळूहळू जड व्हायला लागतो, गुंगी येते. हे फार कमी लोक सांगतात.

तिसरं, वेळ. रोज सकाळी ९ ला घेणारा रविवारी १ ला आला तर मधले चार तास जाणवणारच. चौथं, मेथाडोन पिऊन लगेच उलटी झाली असेल तर सेंटरवर सांगा, मनाने दुसरा डोस शोधू नका. आणि झोप नसेल, घरात भांडण असेल, हप्ता थकला असेल तर त्याच डोसमधे ओढ जास्त वाटते. ते का होतं हे प्रश्न ८ मधे आहे.

७. डिसेंबर-जानेवारीत दरवर्षी मला डोस कमी वाटतो. थंडीत औषध कमी लागू होतं का?

औषध कमी लागू होत नाही. पण निफाडकडे पारा कसा खाली जातो माहितीये तुम्हाला, पहाटे द्राक्षाच्या बागेत कामाला गेलं की नाक गळतं, अंगावर काटा येतो, हाडं आखडतात. ही सगळी टर्कीची पण लक्षणं आहेत, आणि ज्याने टर्की भोगलीये त्याचं अंग ती ओळखतं आणि घाबरतं. फरक असा ओळखा: स्वेटर घालून, शेकून, गरम काही पिऊन अर्ध्या तासात गेलं तर थंडी. जुलाब, सारख्या जांभया, आणि उजेडात पण डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल तर डोस. नक्की कळत नसेल तर सेंटरवर दाखवा, बाहुली बघायला मिनिट लागत नाही.

८. डोस कमी केला त्याच दुपारपासून त्रास सुरू. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. खरं काय?

दोघंही थोडे बरोबर आहेत. ४ नंबरला लिहिलंय तसं ही औषधं साठलेली असतात, त्यामुळे सकाळी कापलेला डोस त्याच दुपारी अंगाला कळणं अवघड आहे. खरी कमी दोन ते चार दिवसांनी कळते, आणि सगळ्यात जास्त कळते ती पुढच्या डोसच्या आधीच्या दोन-तीन तासात. डोस घेतल्यावर तासाभरात बरं वाटत असेल तर ती औषधाची कमी. दिवसभर सारखीच बेचैनी, डोस घेऊनही तेवढीच, तर त्यात भीतीचा भाग जास्त.

पण "मनाचं आहे" म्हणून विषय संपवायचा नसतो. ज्या माणसाने लॉकअपमधे, एसटी स्टँडवर, घरच्या कोंडलेल्या खोलीत टर्की काढलीये त्याला डोस कमी होणार एवढं ऐकूनच घाम फुटतो, आणि तो घाम खरा असतो. झोप उडते, झोप उडाली की अंग दुखतं, अंग दुखलं की वाटतं बघा लागली टर्की. यातून लोक परत गर्दकडे जातात. म्हणून त्रास भीतीचा असला तरी त्याला उत्तर लागतं: कमी करणं थोडं थांबवणं, झोपेचं बघणं, आणि "जमलं नाही तर परत वर नेऊ" असं स्पष्ट सांगणं. परत वर नेता येतं हे माहीत असलेला पेशंट खाली उतरायला कमी घाबरतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

एक वही ठेवा. डोसची वेळ, त्रासाची वेळ, काय झालं. आठवडाभराची वही घेऊन गेलात की डॉक्टर अंदाजाने बोलत नाही.

९. मला स्वतःलाच कमी करायचंय. किती स्पीडने करावं?

हळू. अमेरिकेत १९७७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात काहींचं मेथाडोन आठवड्याला १० टक्क्यांनी आणि काहींचं ३ टक्क्यांनी उतरवलं. कोणाचं कसं चाललंय हे पेशंटलाही माहीत नव्हतं आणि देणाऱ्यालाही नाही. १० टक्केवाल्यांना त्रास जास्त झाला आणि मधेच सोडणारे पण त्यांच्यातच जास्त. म्हणजे आकडा माहीत नसला तरी वेग अंगाला कळतो.

ब्युप्रेनॉर्फिनमधे अजून एक गंमत नाही, अडचण आहे. २ मिलिग्रॅमला मेंदूतल्या जागा साधारण ४० टक्के भरतात, १६ ला ८० टक्के, आणि ३२ ला त्याहून थोड्याच जास्त. म्हणून १६ वरून १४ वर आलात तर बहुतेकांना फार काही कळत नाही आणि वाटतं झालंच की, महिन्याभरात सुटेल. मग २ च्या खाली आल्यावर ०.४ ची एक गोळी काढली तरी रात्र जागून काढावी लागते. लोक तिथे स्वतःला दोष देतात, "शेवटी येऊन हरलो". हरलेले नसता, तिथला एक घास वरच्या पाच घासांएवढा असतो. शेवटी पायऱ्या छोट्या करायच्या, मधे जास्त दिवस थांबायचं.

आणि कमी करावं का हा पहिला प्रश्न. घर, काम, झोप नीट बसलेली असेल आणि तुम्हाला स्वतःला हवं असेल तर करा. लग्न ठरलंय, सासरच्यांना कळेल, एवढ्यासाठी नको. औषध सोडल्यावर सहनशक्ती उतरलेली असते, तेव्हा जुन्याच मापाने एकदा घेतलेली गर्द जीव घेते.

१०. मला न सांगता डोस बदलू शकतात का?

नाही बदलू शकत, बदलू नये. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मधे व्यसनाचे आजार पण येतात, आणि उपचाराची माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. कोणी म्हणतं सांगितलं की उगाच मनात येतं, गुपचूप कमी केलं तर कळत पण नाही. थोडा बदल काहींना कळत नाही हे खरं. पण एकदा उघडकीला आलं की पेशंट प्रत्येक कप संशयाने बघतो, नीट बसलेला डोसही त्याला कमी वाटायला लागतो. अभ्यासात डोस लपवतात तेव्हा पेशंटने आधी त्याला होकार दिलेला असतो, इथे तसं नसतं.

एखाद्या पेशंटला स्वतःलाच आकडा नको असेल, "तुम्ही कमी करत जा, मला सांगू नका", तर तसं ठरवता येतं. पण ते त्याने ठरवायचं.

११. लघवीत गर्द सापडली म्हणून डोस कमी केला. ही शिक्षा आहे का?

शिक्षा म्हणून डोस कापणं चुकीचं आहे, हे मी स्पष्टच लिहितो. वर गर्द घ्यावी लागतेय याचा अर्थ बऱ्याचदा डोस पुरत नाहीये असा असतो. मेथाडोनला साधारण ६० मिलिग्रॅम आणि वरचे डोस त्याखालच्यांपेक्षा जास्त लोकांना टिकवतात. एकच अपवाद: पेशंट गुंगीत आला असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेऊन आला असेल तर त्या दिवशीचा डोस कमी करणं किंवा थांबवणं हे त्याच्या जिवासाठी असतं. ते त्याला शुद्धीवर आल्यावर नीट समजावून सांगायला हवं, नाहीतर त्याला शिक्षाच वाटणार.

१२. डोस वाढवून मागितला की संशयाने बघतात. कसं मागू?

"वाढवा" म्हणू नका, काय होतंय ते सांगा. "पहाटे ४ ला जाग येते, पाय ओढतात, डोस घेतल्यावर १० वाजेपर्यंत बरं वाटायला लागतं." ८ मधली वही इथे कामाला येते. आणि काम करणाऱ्यांना एक सांगायचंय, परदेशात काही क्लिनिकनी पेशंटला स्वतःचा मेथाडोन डोस ठरवायची मुभा देऊन बघितली, तेव्हा डोस आभाळाला भिडले नाहीत.

१३. माझा मुलगा डोस घेतल्यावर जेवतानाच डुलक्या घेतो. डोस जास्त झालाय का? (एका आईचा प्रश्न)

ताई, आधी त्याने बरोबर काय घेतलंय ते बघा. दारू, अल्प्राझोलाम (झोपेची गोळी, मालेगावकडे कुत्ता गोळी म्हणतात ती), खोकल्याचं सिरप. यातलं काही ओएसटीवर पडलं की श्वास मंदावतो. डोस नुकताच वाढला असेल तर २-४ तासांनी थोडी सुस्ती येऊ शकते, पण ती कळवायलाच हवी. हाक मारून उठत नसेल, वेगळ्याच घोरण्याचा आवाज येत असेल, ओठ निळे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तर झोपू देऊ नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. घरातलं मेथाडोन कुलपात ठेवा, लहान मुलाच्या पोटात एका मोठ्या माणसाचा डोस गेला तर मुलाचा जीव जाऊ शकतो.

१४. तीन-चार दिवस डोस चुकला. आता नेहमीचा घेऊ का?

मनाने नाही. मेथाडोन तीन दिवस किंवा जास्त चुकलं की पूर्वीचा पूर्ण डोस जड पडू शकतो, डॉक्टर कमी करून परत वर नेतात. हा "डोस कापला" असं वाटून लोक भांडतात, पण यात तुमचाच जीव आहे. मधल्या दिवसात गर्द घेतली असेल आणि ब्युप्रेनॉर्फिनवर असाल तर ३ नंबर परत वाचा.

१५. प्रेग्नंट आहे, सातव्या महिन्यापासून डोस पुरत नाही.

हे अपेक्षित आहे. शेवटच्या महिन्यांमधे मेथाडोन अंगातून लवकर बाहेर पडतं, डोस वाढवावा लागतो किंवा दोनदा विभागून देतात. बाळासाठी म्हणून अचानक बंद करू नका, टर्की बाळाला जास्त धोक्याची. डिलिव्हरीनंतर गरज परत कमी होते, तेव्हा सुस्तीकडे लक्ष ठेवा.

१६. ऑपरेशन आहे. ओएसटी चालू असताना दुखायचं औषध लागू होईल का?

ओएसटीचा डोस दुखण्यासाठी पुरत नाही, आणि ओएसटी बंदही करायची नसते. भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा. पेंटाझोसिनचं इंजेक्शन (फोर्टविन) तर नकोच, मेथाडोनवर असाल तर ते टर्की लावतं. ऑपरेशननंतर दुखणं जास्त वाटलं तर "याला सवय आहे, मागतोय" असं कोणी म्हणेल, तेव्हा ओएसटी सेंटरचं कार्ड दाखवा.

१७. रमजानचा रोजा आहे / निवृत्तीनाथांच्या पालखीला जायचंय. डोसचं काय?

दिवसातून एकदा घ्यायचं औषध आहे, म्हणून वेळ इफ्तारनंतर किंवा सहरीच्या आधी सरकवता येते. सेंटरशी बोलून एक-दोन आठवडे आधीपासून थोडं थोडं सरकवा, म्हणजे ६ नंबरमधला वेळेचा फरक जाणवणार नाही. पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून पंढरपूरला पोचेपर्यंत बरेच दिवस जातात. २०२० च्या लॉकडाऊनपासून घरी न्यायला डोस द्यायची वाट मोकळी झालीये, ती तुम्हाला लागू होते का ते महिनाभर आधी विचारा. सोबत कार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी ठेवा, औषध मूळ स्ट्रिपमधेच. ऐनवेळी विचाराल तर नाहीच म्हणतील. सिंहस्थात गोदाघाटाकडचे रस्ते बंद असतील त्या दिवसांचंही असंच आधी ठरवून ठेवा.

१८. मी एमडी घेतो. मला ही गोळी मिळेल का, आणि किती डोस लागेल?

एमडी (मेफेड्रोन) ओपिऑइड नाही, त्यावर ही गोळी चालत नाही आणि द्यायचीही नसते, सवय नसलेल्याला ती उलट धोक्याची. २०२३ मधे नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या एमडीच्या कारखान्याची बातमी आल्यापासून हा प्रश्न जास्त येतोय. एमडीसाठी वेगळे उपचार आहेत, १४४४६ वर विचारा. गर्द आणि एमडी दोन्ही घेत असाल तर दोन्ही सांगा. एमडीच्या उतारावर जी मरगळ आणि बेचैनी येते ती हुबेहूब डोस कमी पडल्यासारखी वाटते, आणि डॉक्टरला माहीतच नसेल तर तो विनाकारण डोस वाढवत बसेल.